जाहिरातींची पाने : जुन्या मराठी नियतकालिकांच्या वाचनातील एक उपेक्षित प्रश्न

१

जुन्या मराठी मासिकांच्या बांधीव खंडांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना एक अनुभव परिचित असेल. अंक ओळीने लावलेले असतात, वार्षिक अनुक्रमणिका जोडलेली असते, पृष्ठांक अखंड असतात. आणि तरीही प्रत्येक अंकाच्या आरंभी व अखेरीस शिवणीजवळ कागदाची एक अरुंद पट्टी बोटांना लागते. काही पाने तेथून कापून काढलेली असतात. एका जुन्या ग्रंथालयात काम करीत असताना तेथील वृद्ध बाइंडरना मी या पट्ट्यांविषयी विचारले. ते सहज म्हणाले, "ती जाहिरातींची पानं. त्यांत काय वाचायचं? खंड उगाच जाड होतो, म्हणून काढून टाकत होतो." त्यांच्या स्वरात अपराधाची छटा नव्हती, आणि ती असण्याचे कारणही नव्हते. वाङ्मयेतिहासकारांनी जे मनोमन ठरविले होते तेच त्यांनी कात्रीने अमलात आणले होते. कविता, कथा, लेख, ग्रंथपरीक्षण हा मजकूर. जाहिरात हा मजकुराभोवतीचा पाला. आज या खंडांच्या अंकीय प्रती तयार होत आहेत, आणि कात्रीने केलेली ही निवड त्या प्रतींतही जशीच्या तशी उतरते आहे. भेद इतकाच की पडद्यावर ती अरुंद पट्टी बोटांना लागत नाही, त्यामुळे काही गेले आहे हेही कळत नाही.

याच्या नेमकी उलट अशी दुसरी घटना त्याच काळात घडत आहे. अंकातून कापलेली जाहिरात आता स्वतंत्रपणे परत आली आहे. उपाहारगृहांच्या भिंतींवर ती चौकटीत बसविलेली दिसते, दिनदर्शिकांवर छापली जाते, भ्रमणध्वनीवरून एकमेकांस पाठविली जाते. पाहणारा हसतो, 'काय ते दिवस' असे म्हणतो आणि पुढे जातो. पहिल्या प्रसंगी जाहिरातीवाचून अंक उरला. दुसऱ्या प्रसंगी अंकावाचून जाहिरात उरली. दोन्ही प्रसंगी हरवला तो त्या दोहोंमधील संबंध. मराठीच्या अभ्यासकाला ज्याची गरज आहे तो हाच संबंध होय, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे आणि पुढील विवेचन त्या धारणेच्या आधारे केले आहे.

२

एम. ए.च्या वर्गात नियतकालिकांचा इतिहास शिकविताना मी काही वर्षे एक प्रयोग करीत आलो आहे. स्वातंत्र्यपूर्व काळातील अंकांच्या जाहिरात-पृष्ठांच्या झेरॉक्स प्रती विद्यार्थ्यांना द्यावयाच्या आणि काही न सांगता वाचावयास लावावयाच्या. (येथे 'झेरॉक्स' हा शब्द लेखणीतून सहज उतरला, एका कंपनीचे नाव आपल्या भाषेत सामान्यनाम होऊन बसले, हीदेखील जाहिरातीचीच करामत.) प्रतिक्रिया बहुधा ठरलेल्या असतात. प्रथम हसू येते. मग एखाद्याला आजोबांच्या घरातील कंदील आठवतो आणि स्वर हळवा होतो. शेवटी एखादी विद्यार्थिनी स्त्रियांना उद्देशून केलेल्या जाहिरातीवर बोट ठेवते आणि वर्गात राग प्रकट होतो. हसू, हळहळ आणि राग या तिन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहेत. तिन्हींमध्ये एक दोषही समान आहे. वाचणारा मधल्या काळात आपण कोठून कोठे आलो हे मोजतो. समोरचा मजकूर त्याच्या काळी कोणाशी व कसा बोलत होता हे विचारीत नाही.

हसू सर्वांत आधी येते, म्हणून प्रथम त्याचाच विचार करू. विवेचनाच्या सोयीसाठी येथे एक नमुना देतो. तो कोणत्याही एका अंकातून घेतलेला नाही; त्या काळच्या प्रघातातील वाक्प्रयोग जुळवून मीच तो रचला आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

दंतमंजन. दांत दुखणें, हालणें, हिरड्यांतून रक्त येणें, तोंडास दुर्गंधि येणें इ. दांतांचे सर्व विकारांवर रामबाण. अनेक विद्वान् व नामांकित डॉक्टर यांचीं प्रशंसापत्रें आलीं आहेत. एकवार अनुभव घ्याच. किं. डबीस ४ आणे, ट. ख. निराळा. डझनास सवलत. गांवोगांव एजंट पाहिजेत. नकली मालापासून सावध रहावें. पत्रव्यवहार करतांना या मासिकाचा उल्लेख करावा.

आजच्या वाचकाला यातील पहिली अडचण अनुस्वारांची वाटते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि हे अनुच्चारित अनुस्वार अधिकृतपणे गेले. त्यामुळे त्याआधीचा कोणताही मजकूर आजच्या डोळ्यांना आहे त्याहून अधिक जुना आणि किंचित विनोदी भासतो. हा विनोद मजकुरातला नाही, आपल्या डोळ्यांतला आहे.

दुसरी अडचण 'सर्व विकारांवर रामबाण' या दाव्याची. असले काही त्या काळच्या लोकांना खरे वाटत असे काय, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर देण्यापूर्वी या वाक्यरचनेचे कूळ शोधावयास हवे. विकारांची यादी, त्यांच्या निवारणाचे आश्वासन, अनुभव घेतलेल्यांची साक्ष आणि शेवटी उपाय कसा मिळवावा याची सूचना, हा आकृतिबंध मराठी वाचकाला छापखान्यामुळे प्रथम कळलेला नाही. पोथीच्या अखेरीस येणारी फलश्रुती त्याने लहानपणापासून ऐकलेली असते. रोग्यास आरोग्य, निर्धनास धन, अपुत्रिकास पुत्र, अशी ती क्रमाने फळे सांगते. पोथी ऐकणारा माणूस ही फळे हिशोबाच्या वहीत मांडून घेत नसे. फलश्रुती प्रवृत्त करण्यासाठी असते, हे त्यास ठाऊक होते. मीमांसकांनी अशा स्तुतिपर वचनांसाठी 'अर्थवाद' ही संज्ञाच योजून ठेवली आहे. औषधाच्या जाहिरातीतील 'सर्व विकार' हे त्याच जातीचे वचन म्हणून वाचले जाण्याची शक्यता बरीच आहे. त्या काळचा वाचक भोळा आणि आपण चतुर, हे गृहीतक म्हणूनच तपासून घ्यावे लागते.

मात्र याचा अर्थ त्या दाव्यांनी कोणाचे नुकसान झाले नाही असा नव्हे. पोथी ऐकण्यास आणे मोजावे लागत नसत, औषधास लागत. त्याकडे शेवटी वळू.

नमुन्यातील उरलेली वाक्ये हसू आणीत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे लक्षही जात नाही. वस्तुतः सर्वांत अधिक माहिती तेथेच आहे. 'ट. ख.' म्हणजे टपालखर्च. १८७७ साली सुरू झालेली व्ही. पी.ची पद्धत आणि १८८० साली आलेली मनीऑर्डर यांवाचून या जाहिरातीला अर्थ उरत नाही. गिरगावातील कारखानदार रत्नागिरीतील शिक्षकाशी मधल्या दुकानदारावाचून बोलू शकतो, ही शक्यता टपालखात्याने निर्माण केली. मासिकही त्याच टपालाने त्याच शिक्षकाकडे जात होते. वर्गणीदार आणि गिऱ्हाईक हे एकाच पाकिटाचे दोन पत्ते होते असे म्हटले तरी चालेल. 'या मासिकाचा उल्लेख करावा' या सूचनेतून जाहिरातदार कोणत्या मासिकातून किती पत्रे आली हे मोजीत होता. मासिकाचा वाचक कोण व कोठला, याचे हे एक मोजमापच होते. दुर्दैवाने ती पत्रे उरली नाहीत, सूचना उरली.

आणि 'गांवोगांव एजंट पाहिजेत'. या तीन शब्दांवर थोडे थांबावेसे वाटते. आजची जाहिरात वाचकाला केवळ खरेदीदार समजते. ही जाहिरात त्याला विक्रेता होण्याचे आमंत्रण देते, डझनावर सवलत देते. तिच्यासमोर जो वाचक आहे तो मॅट्रिकपर्यंत शिकलेला, नोकरीच्या शोधात असलेला, चार पैसे मिळविण्याची इच्छा बाळगणारा तरुण आहे. त्याच अंकातील कथेत हा तरुण नायक म्हणून येतो. तेथे तो प्रेमात पडतो, ध्येयवादी भाषणे करतो. त्याच्या पोटाचा प्रश्न मात्र जाहिरातीच्या पानाला अधिक नेमका ठाऊक आहे. दोन पाने एकत्र वाचल्याशिवाय हे ध्यानात येत नाही.

३

दावा खोटा असणे आणि दावा अनोळखी मापात केलेला असणे या भिन्न गोष्टी आहेत. याचे एक उत्तम उदाहरण दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या प्रसिद्धीत सापडते. हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. पुढे तो इतरत्र नेताना फाळक्यांना अडचण आली, असे चित्रपटेतिहासकार सांगतात. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहावयास मिळत असताना तीन आण्यांत दीड तासाचा खेळ कोण पाहील? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली ती आकड्यांची. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे अवघ्या तीन आण्यांत.

वर्गात या जाहिरातीवर हमखास हशा पिकतो. चित्रपट काय कापडासारखा वारावर घ्यावयाचा? पण हिशोब करून पाहावा. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. सत्तावन्न हजारांना सोळाने भागले असता सुमारे ३,५६० फूट येतात. 'राजा हरिश्चंद्र'ची नोंदली गेलेली लांबी ३,७०० फूट आहे. म्हणजे ऐकताच जी संख्या सर्वांत हास्यास्पद वाटते ती खरी आहे. किंबहुना फाळक्यांनी ती थोडी कमीच सांगितली आहे. याउलट दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. चित्रपटाची लांबी त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडीच अधिक. जी संख्या कानाला गोल आणि विश्वसनीय लागते तीच तिपटीने फुगविलेली आहे.

प्रश्न केवळ खऱ्याखोट्याचा नाही. ज्या काळी फोटो काढून घेणे ही सामान्य कुटुंबात आयुष्यातून एखाद्या वेळी घडणारी, पैसे खर्चून नटूनथटून करण्याची गोष्ट होती, त्या काळी सत्तावन्न हजार फोटो ही संख्या कानावर कशी पडली असेल? आणि रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकावर पोसलेल्या प्रेक्षकाला करमणुकीची लांबी हेच तिच्या मोलाचे माप वाटणे अगदी रास्त होते. फाळक्यांनी नव्या कलेची महती सांगितली नाही. जुन्या कलेच्या मापाने नवी कला मोजून दाखविली. प्रेक्षकाच्या मनातील आक्षेप ओळखून त्यावर दिलेले हे उत्तर आहे. आक्षेप विसरला गेला आणि उत्तर एकटे उरले, म्हणून ते वेडगळ दिसते. जुन्या जाहिरातींपैकी निम्म्याअधिक जाहिराती अशा, प्रश्न हरवलेल्या उत्तरांसारख्या वाचाव्या लागतात.

४

हळहळीविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिचे स्वरूप सर्वांच्या परिचयाचे आहे. ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील, तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना, स्वदेशी साबण, स्वदेशी काडेपेटी. या वस्तूंच्या जाहिराती पाहताना आपण एका निष्पाप उद्योगयुगाचे चित्र रंगवितो. वस्तू विकण्यासाठी देशप्रेमाला साद घालणे हे त्या काळी सोज्ज्वळ होते आणि आज तेच केले तर ते धंदेवाईक ठरते, हा भेद आपण कशाच्या आधारे करतो? रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांचे नाव साबणाच्या जाहिरातीत येत होते, हे विसरता कामा नये. ग्राहकाच्या खिशाकडे जाणारी वाट त्याच्या सद्भावनेतून काढणे ही युक्ती तेव्हाही युक्तीच होती. ती युक्ती खऱ्या निष्ठेसह नांदत होती, एवढेच म्हणता येते.

किर्लोस्करांचे उदाहरण मात्र अधिक तपशिलाने पाहावयास हवे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. पण लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तेथून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. ती कारखान्याची खबर होती. स्पष्ट शब्दांत सांगावयाचे तर जाहिरातीचे पत्रक होते. १९२९ साली 'खबर' हा शब्द गळाला आणि 'किर्लोस्कर' हे मासिक उरले. त्यामागून १९३०मध्ये 'स्त्री' आणि १९३४मध्ये 'मनोहर' आले. आपले वाङ्मयेतिहास या मासिकांचा विचार पुरोगामी विचारांची व्यासपीठे म्हणून करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु नांगराच्या जाहिरातीतून जन्मलेल्या मासिकाने पुढे अंधश्रद्धा, जातिभेद, स्त्रियांचे दास्य या विषयांवर महाराष्ट्राशी ज्या भाषेत संवाद केला, त्या भाषेचा उगम कोठे शोधावयाचा?

माझे अनुमान असे आहे की तो काही अंशी नांगरातच शोधावा लागेल. लोखंडाने जमीन विषारी होते असे मानणाऱ्या शेतकऱ्याला पटवून द्यावयाचे तर पांडित्य उपयोगी पडत नाही. त्याचा आक्षेप त्याच्याच शब्दांत मांडावा लागतो, उदाहरण त्याच्या शिवारातले द्यावे लागते, वाक्य आखूड ठेवावे लागते, चित्र काढून दाखवावे लागते. शंकरराव स्वतः चित्रकार होते. रूढीच्या विरुद्ध एखादी नवी वस्तू गळी उतरविण्याची ही रीत पुढे नव्या विचारासाठी वापरली गेली. निबंधमालेच्या परंपरेतील भरदार, संस्कृतप्रचुर गद्यापासून 'किर्लोस्कर'चे सुटसुटीत गद्य वेगळे का पडते, याचे एक कारण येथे असू शकते. या अनुमानाची सिद्धता करावयाची तर 'खबर'चे आरंभीचे अंक जाहिरातींसह, पानागणिक वाचले पाहिजेत. पीएच. डी.चे विषय सुचत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दिवाळी अंकांबाबतही हेच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली सुरू केलेल्या 'मनोरंजन'ने १९०९मध्ये दिवाळी अंक काढला आणि मराठी साहित्याला एक वार्षिक हंगाम मिळाला. हा हंगाम सणाच्या खरेदीचाही हंगाम आहे. जाहिरातींच्या उत्पन्नावाचून दिवाळी अंक नावाची संस्था शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली नसती. मराठी कथेची लांबी, तिची मागणी, ती वर्षातून केव्हा लिहिली जाते, हे सारे त्या उत्पन्नाशी बांधलेले आहे. कथेचे सौंदर्य त्याने उणे होत नाही. मात्र कथेचा इतिहास लिहिताना ते पान कापून टाकता येत नाही.

५

आता राग. तो बहुधा स्त्रीप्रतिमेच्या संदर्भात येतो आणि अकारण येत नाही. गोरेपणाचे आमिष, पतीच्या मर्जीचे भय, सुगृहिणीपणाची परीक्षा या सूत्रांवर असंख्य जाहिराती रचल्या गेल्या. पण येथेही आजची दृष्टी एक सरळ रेषा गृहीत धरते. तेव्हा अंधार होता, आता उजेड आहे! गोरेपणाचे नाव वेष्टनावर मिरविणारे आपल्याकडील सर्वांत खपाचे मलम १९७५ साली बाजारात आले आणि त्याचे ते नाव २०२० साली बदलले गेले. म्हणजे ज्या सूत्राला आपण 'जुने' म्हणून हसतो त्याचा भरभराटीचा काळ आपल्याच आयुष्यातला आहे.

शिवाय प्रत्यक्ष इतिहास या सरळ रेषेहून बराच वाकडातिकडा आहे. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांचा अंमल होता तेव्हा स्त्रीसौंदर्याचा आदर्श एका पुरुषाच्या रूपाने मूर्त झाला होता. त्यांच्या साड्या, दागिने, केशरचना यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत आणि त्यांच्या नावावर, चित्रावर वस्तू विकल्या जात. कुलीन स्त्रीने चारचौघांत चेहरा दाखवून काही विकणे अशक्य असल्यामुळे ती जागा स्त्रीपार्टीने भरून काढली होती. ती रिकामी जागा एकदम भरली नाही. लीला चिटणीस यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९३७ साली 'जंटलमन डाकू' या चित्रपटाच्या वेळी त्यांची जाहिरात झाली ती महाराष्ट्रातील पडद्यावर आलेली पहिली पदवीधर, प्रतिष्ठित घराण्यातील स्त्री म्हणून. म्हणजे विकली गेली ती पदवी. नटीच्या व्यवसायाला चिकटलेला कलंक विद्यापीठाच्या प्रमाणपत्राने पुसावयाचा, असा तो खटाटोप होता. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४१ साली, लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या पहिल्या भारतीय चित्रतारका म्हणून त्यांची नोंद झाली. येथे पदवीची गरज उरली नव्हती. चेहरा पुरेसा होता.

या चार वर्षांच्या प्रवासाला प्रगती म्हणावयाचे की अधोगती? साबणाच्या जाहिरातीतील चेहरा पाहून आजची विद्यार्थिनी म्हणते, स्त्रीची वस्तू केली. तिचे म्हणणे चूक नाही. पण एक सुशिक्षित मराठी स्त्री स्वतःच्या नावानिशी, स्वतःच्या चेहऱ्याने, जी जागा आजवर पुरुषाकडे होती तेथे उभी राहते, हेही त्याच चित्रात आहे. बदलासंबंधीच्या आपल्या संज्ञा अशा वेळी अपुऱ्या पडतात, आणि वर्गात ते मान्य करणे हेच मला प्रामाणिकपणाचे वाटते.

६

भाषेच्या अभ्यासकासाठी आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. आरंभीच्या मराठी जाहिराती माल करणाऱ्याने किंवा त्याच्या कारकुनाने मराठीतच लिहिलेल्या असत. 'आमचे येथे', 'खात्रीचा माल', 'एकवार अनुभव घ्याच' या शब्दांमागे एक माणूस उभा असलेला ऐकू येतो. तो कधी आर्जव करतो, कधी दटावतो, कधी प्रतिस्पर्ध्यावर घसरतो. पुढे जाहिरातसंस्था आल्या. १९०५ साली गिरगावात बी. दत्ताराम यांची संस्था सुरू झाली होतीच. पण १९२९ साली जे. वॉल्टर थॉम्प्सनची आणि १९३९ साली लिंटासची कचेरी मुंबईत उघडली तेव्हापासून मोठ्या मालाच्या जाहिराती इंग्रजीत रचून मराठीत उतरविण्याची पद्धत रूढ होत गेली. बोलणारा माणूस हळूहळू नाहीसा झाला. त्याच्या जागी कोणाचाच नसलेला, गुळगुळीत, सदैव प्रसन्न असा आवाज आला.

गमतीचा भाग असा की आजच्या वाचकाला यांतील दुसरी भाषा 'स्वाभाविक' वाटते आणि पहिली 'विचित्र'. कारण उघड आहे. गेली कित्येक दशके आपण भाषांतरित जाहिराती ऐकत आलो आहोत आणि त्या मराठीला आपले कान सरावले आहेत. ज्या जाहिरातीला विद्यार्थी हसतात ती बहुधा अस्सल मराठी असते; जिच्याकडे ते न हसता पाहतात ती परक्या वाक्यरचनेची सावली असते. अर्थात भाषांतराच्या या व्यवसायातही कल्पक माणसे होती. परक्या वस्तूला घरात शिरकाव मिळवून देणारे शब्द त्यांनी घडविले. गोठविलेल्या तेलाला 'वनस्पती तूप' म्हणणे ही केवढी चतुर रचना आहे! 'वनस्पती' या शब्दातील सात्त्विकता आणि 'तूप' या शब्दातील प्रतिष्ठा एकत्र आणली की तेलाचे नावच उरत नाही. १९३७ साली आलेला 'डालडा' तर काही वर्षांत त्या जातीच्या सर्वच मालाचे नाव झाला. समासाचे अर्थकारण शिकवावयाचे असेल तर व्याकरणाच्या पुस्तकातील राजवाड्यांपेक्षा आणि पितांबरांपेक्षा हे उदाहरण अधिक बोलके आहे.

७

औषधांच्या प्रश्नाकडे परत येतो. फलश्रुतीची उपमा देऊन जुन्या जाहिरातदारांना मोकळे सोडणे बरोबर होणार नाही. धातुपुष्टी, गुप्तरोग, वंध्यत्व, मासिक धर्माचे विकार, क्षय या दुखण्यांविषयी लोक कोणाशी बोलू शकत नव्हते. जाहिरातदार नेमके तेथेच बोलत होता. टपालाने, गुप्तपणे, वेष्टनावर नाव न छापता औषध पाठविण्याचे तो आश्वासन देत होता. ही लाजेची बाजारपेठ होती, आणि तिच्यात फसलेला माणूस लाजेमुळेच तक्रार करू शकत नव्हता. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा करावा लागला, यावरून त्या व्यापाराचा विस्तार ध्यानात येईल. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातील काही भाग रद्द ठरविताना, असल्या जाहिरातींना भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण मिळणार नाही असेही सांगितले.

याच पार्श्वभूमीवर र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'कडे पाहावे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत मासिक चालविले. तेही संततिनियमनाची साधने विकीत आणि त्यांची जाहिरात करीत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरीही दंड झालाच. आता असे पाहा : एकीकडे शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिराती प्रतिष्ठित पत्रांतून बिनबोभाट छापल्या जात होत्या; दुसरीकडे त्याच विषयावर सरळ, शास्त्रीय आणि कोरड्या मराठीत लिहिणारा माणूस न्यायालयात उभा होता. अश्लीलतेची रेषा विषयावरून आखलेली नव्हती. सूचक, आडवळणाच्या, लाज जपणाऱ्या भाषेला मुभा होती. नाव घेऊन बोलणाऱ्या भाषेला नव्हती. कर्व्यांच्या गद्याचा रोखठोकपणा कशाच्या विरोधात घडला हे केवळ त्यांच्या लेखांवरून पुरते कळणार नाही. त्यासाठी त्या वर्षांतील इतर पत्रांची शेवटची पाने समोर हवीत.

आणि ती तर आपण कापून टाकली आहेत. जेथे ती उरली आहेत तेथे बहुधा अपघाताने उरली आहेत. एखाद्या खाजगी संग्रहात अंक सुटेच राहिले, कोठे बांधणीचे पैसे मंजूर झाले नाहीत, कोठे जाहिरातीच्या पाठीवर कथेचा शेवट छापला गेला होता म्हणून पान वाचले. नियतकालिकावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने साधनसामग्रीची नोंद करताना खंडाचे वर्ष व अंक यांबरोबर एवढे जरी लिहिले की पाहिलेल्या प्रतीत मुखपृष्ठ व जाहिरातींची पाने आहेत की नाहीत, तरी कोणत्या ग्रंथालयात काय शिल्लक आहे याची यादी पाचदहा वर्षांत आपोआप तयार होऊ लागेल. माझ्या मार्गदर्शनाखालील विद्यार्थ्यांना मी ही नोंद सक्तीची केली आहे. गेल्या वर्षी त्यांपैकी एकाने तालुक्याच्या गावातील वाचनालयात न बांधलेल्या अंकांचा एक गठ्ठा शोधून काढला. वाळवी लागलेली होती. पण दोन्ही बाजूंची रंगीत पाने जागेवर होती आणि एका जाहिरातीतील पत्त्याभोवती कोणीतरी पेन्सिलीने गोल केला होता.